अकरा नंबर गप्प आहे

"परत उघडायचं? अरे, काल दुपारी मीच झाकण बसवलं त्या पंपाचं. सहा बोल्ट. परत सहा काढा, परत सहा लावा."

"आतले नट कोणी आवळले होते?"

"काकांनी."

"मग?"

"मग काय, जातो. एकदा त्यांच्यासाठी करायचं, एकदा कामासाठी. एका जन्मात दोन जन्मांची नोकरी चाललीय माझी."

"हळू बोल. नि कुलूप नको घेऊस. कुलपाची वही त्यांच्याकडे असते. विचारतील, कशाला म्हणून."

पंपघरातल्या विजेच्या पॅनेलच्या रांगेमागे, पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद बोळात, उलट्या घातलेल्या बादलीवर बसून काकांनी हे सगळं ऐकलं. ऐकायचं नव्हतं. पण पॅनेलचं मागचं दार उघडं असलं की पुढचं बोलणं आतल्या तारांमधून गाळून यावं तसं स्वच्छ येतं. बोलणारे दोघंही त्यांचेच. कुरकुर करणारा पक्कड. खिशात पक्कड नसली तर त्याचा चालताना तोल जातो अशी त्याची ख्याती, म्हणून ते नाव. त्याला हळू बोल म्हणणारा घड्याळ. मनगटावर घड्याळ बांधून तो दर पाच मिनिटांनी दुसऱ्याला वेळ विचारतो. दोघंही काकांच्या हाताखाली पंधरा वर्षं वायरमन. काकांना आधी राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. त्यांच्या मनात आले ते नट. तीन नट, एकेका फेजचा एकेक. पान्यातून 'कट' असा आवाज येईपर्यंत आवळले होते आपण. की तो आवाज शेजारच्या पंपावरून आला होता? पक्कडची पावलं दूर गेली, लोखंडी जिन्यावरून खाली पंपांच्या खड्ड्यात उतरली, आणि मग काकांच्या लक्षात आलं की यातली खरी बातमी नटांची नाहीच. खरी बातमी ही की त्यांना माहीत आहे.

दीड वर्ष. दीड वर्ष काकांनी मोठ्या मेहनतीने एक नाटक उभं केलं होतं आणि ते हाउसफुल चाललंय असं त्यांना वाटत होतं. आता कळत होतं की प्रेक्षकच नाटक करत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते एकटेच गेले होते. डॉक्टरांनी चौकटी-चौकटींचा कागद समोर धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघा म्हणाले. ठिपका नव्हताच तिथे. तिथे एक करडा डाग होता, कपभर चहा सांडून पुसल्यासारखा, आणि त्याच्या कडेला चौकटी पाण्यात पडल्यासारख्या वाकल्या होत्या. "कडेचं राहील," डॉक्टर म्हणाले, "मधलं जाईल." एवढं सोपं वाक्य. कडेचं राहील म्हणजे चालता येईल, जिना उतरता येईल, अंगावर येणारी गाडी दिसेल. मधलं जाईल म्हणजे जिथे बघावं नेमकं तिथेच काही नसेल. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "नंबर वाढलाय." ती म्हणाली, "वयच आहे." तिने पुढे काही विचारलं नाही आणि ते सुटकेचा श्वास टाकून मोकळे झाले. तेव्हापासून माणसांशी बोलताना ते किंचित तिरकं बघायचे. तोंडाकडे पाहिलं तर तोंड नाहीसं व्हायचं आणि दोन बाजूंना दोन कान उरायचे. दीड वर्षात त्यांनी इतके कान पाहिले होते की कोणाचे कसे ते चित्र काढून दाखवलं असतं.

आता बादलीवर बसल्या बसल्या एकेक गोष्ट सरळ होत गेली, आवळलेला दोर ढिला पडावा तशी. मिठाच्या बरणीला बायकोने रबर बांधलं होतं. "झाकण ढिलं झालंय," ती म्हणाली होती. झाकण कधीच ढिलं नव्हतं. रबर होतं ते साखर आणि मीठ बोटांना वेगळं कळावं म्हणून. जिन्याच्या शेवटच्या पायरीला तिने पांढरा पट्टा रंगवला, उरलेला रंग वाया जायला नको म्हणून. वर्तमानपत्र ती मोठ्याने वाचायला लागली. संसाराच्या तीस वर्षांत कधी वाचलं नव्हतं, अचानक म्हणे, "मोठ्याने वाचलं की माझ्या लक्षात राहतं." आणि इथे, या पंपघरात, चौदा पॅनेलच्या माथ्यावर वीतभर उंचीचे आकडे चिकटवले गेले. ते चिकटवायचा हुकूम पुतणीचा. "सगळ्यांनाच सोयीचं," ती म्हणाली होती. सगळे! सगळ्यांमध्ये वीतभर आकडा लागणारा माणूस एकच. काकांना घाम आला. आपण झाकलेलं सगळं उघडं होतं, हे तर होतंच. पण त्यांनी किती मायेने आपल्यावर पांघरूण घातलं होतं, याची लाज जास्त होती. रागावणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

वॉकीटॉकी खरखरला. "काका, ऐकताय? दोन नंबर अडखळतोय. आणि अकरा गप्पच आहे."

ही पुतणी. अण्णांची मुलगी, म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची. इथली मुख्य इंजिनियर, वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत स्क्रीनपुढे बसलेली. घरी ती काकांना अरे-तुरे करते, इथे चारचौघांत तुम्ही म्हणते. काका तिला घरी चिमे म्हणतात आणि इथे मॅडम. दोघांनाही त्याची गंमत वाटते. म्हणजे वाटायची.

"बघतो मॅडम," काका म्हणाले, आणि शब्द तोंडातून गेल्यावर तो त्यांनाच ऐकू आला. बघतो.

काम तसं शहाणपणाचं होतं. एरवी पंप चालू करायला माणूस प्रत्येक पॅनेलपाशी जायचा. आता एक बारीक तार, दोन पदरांची, वेणीसारखी पिळलेली, पहिल्या पॅनेलपासून चौदाव्यापर्यंत एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जावी तशी ओढलेली. मध्ये कुठे फाटा फोडायचा नाही. दोन्ही टोकांना एकेक छोटा रेझिस्टर, नाहीतर निरोप टोकाला आपटून परत येतो आणि आपलाच आवाज आपल्याला भलत्या वेळी ऐकू येतो. प्रत्येक पॅनेलच्या पोटात तळहाताएवढं एक मॉड्यूल, त्याला त्याचा नंबर. वरून चिमी एका नंबराला हाक मारते. हाक सगळ्यांना ऐकू जाते, पण ज्याचा नंबर त्यानेच ओ द्यायची, त्यानेच हुकूम पाळायचा. बाकीच्यांनी गप्प बसायचं. आमच्या घरासारखं, असं काका पहिल्या दिवशी म्हणाले होते, आणि सगळे हसले होते. त्यांच्या घरात तर अण्णांचा निरोप वहिनींकडून चिमीकडे, चिमीकडून काकूकडे आणि काकूकडून काकांकडे यायचा, आणि उत्तर त्याच वाटेने परत. दोघा भावांनी एकमेकांशी सरळ बोलणं बावीस वर्षांपूर्वी बंद केलं होतं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर कधीतरी मिटलं असतं.

त्या वेळी काकांचे डोळे घारीचे होते. दुसरीकडे एका कारखान्यात दोघं भाऊ कामाला. अण्णा आठ नंबरच्या पॅनेलमध्ये, काका खाली. फोनवरून अण्णांनी विचारलं, "मागचा स्विच पाडलास ना?" काकांच्या हातात नुकता ओतलेला चहा होता. वीज तोडणाऱ्या त्या स्विचपर्यंत वीस पावलं. चहा पिऊन जाणारच होते, आणि सकाळच्या पाळीने तो पाडला असणार अशी खात्रीही होती. खात्री कसली, सवय. "झालं," ते म्हणाले. एवढाच शब्द. मग वरून आला तो आवाज, आणि तो वास. तो वास आजही कधीकधी कोऱ्या प्लास्टिकच्या वेष्टनातून येतो. अण्णांचे दोन्ही तळवे गेले. म्हणजे आहेत, पण बोटं मिटत नाहीत, उघडत नाहीत. चौकशी झाली तेव्हा सगळ्यांनी लिहून दिलं, स्विच खराब होता. अण्णांनीही तेच सांगितलं, अंथरुणावर पडून, काकांकडे न बघता. स्विच खराब नव्हता. अण्णा चहाचा कप दोन मनगटांत धरतात. चिमी सहा वर्षांची होती तेव्हा बापाच्या शर्टाची बटणं लावायला शिकली. उंची पुरायची नाही म्हणून खालून वर. अजूनही ती स्वतःची बटणं खालूनच लावते. काकांनी ते पाहिलं आहे, डोळे होते तेव्हा, आणि दर वेळी दुसरीकडे पाहिलं आहे.

त्यानंतर काकांनी नियम केला. त्यांच्या हाताखाली कोणीही "झालं" म्हणायचं नाही. तो शब्दच बंद. वीज सोडण्याआधी प्रत्येकाने आपले नंबर सांगायचे आणि म्हणायचं, "माझ्या डोळ्यांनी पाहिलं." नवीन माणसं हसायची, कोर्टात साक्षीला उभं केल्यासारखं वाटतं म्हणायची. काका हसायचे नाहीत. बावीस वर्षांत त्यांच्या हाताखाली कोणाचं नखसुद्धा जळलं नव्हतं. आणि गेलं दीड वर्ष ते स्वतः ते वाक्य रोज म्हणत होते. न अडखळता. खोटं बोलायची सवय जिभेला होते तशी मानेलाही होते; वाक्य म्हणताना ते बरोबर पॅनेलच्या दिशेने मान वळवायचे.

"घड्याळदादा, एक ते सात?" वॉकीटॉकीवर चिमी.

"एक ते सात, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वाजले किती मॅडम?"

"सव्वाअकरा. दादा, दोन अजून अडखळतोय. तार ढिली नाही ना?"

"ओढून पाहिली. घट्ट आहे."

"मग असं करते. दोनला सरळ चालू व्हायचा हुकूम देऊन बघते. पंप फिरला तर घोळ फक्त उत्तरात आहे, नाही फिरला तर तारेत. खाली कोणी नाही ना? पक्कडदादा कुठेत?"

काका बोळात उभे राहिले. पत्र्याला हात टेकला.

"इथेच आहे," घड्याळ म्हणाला. "जरा बाहेर गेलाय. येईल."

चौदाही पॅनेलचे खटके सकाळपासून रिमोटवर होते, म्हणजे वरून चिमीचा हुकूम आला की पंप फिरणार. पक्कड खाली अकराव्या पंपाचं झाकण काढून, दोन्ही हात आत घालून काकांचे नट परत आवळत असणार. खटका बंद करून त्याला कुलूप न लावता. कुलूप लावलं असतं तर अकरा नंबरच्या पॅनेलच्या दांड्याला ते लटकलं असतं, काकांच्या हाताला लागलं असतं, आणि काकांनी विचारलं असतं. घड्याळ खोटं बोलला तो काकांसाठी. तसा धोका काही नव्हता. हुकूम दोनला जाणार होता, आणि अकरा तर ओ सुद्धा देत नव्हता. काकांनी स्वतःला हे दोनदा सांगितलं.

अकराचं मागचं दार समोरच उघडं होतं. काल हे मॉड्यूल त्यांनीच लावलं, म्हणजे त्याचा नंबर लावला. मॉड्यूलवर तांदळाच्या दाण्याएवढे चार खटके असतात. पहिल्याची किंमत एक, मग दोन, मग चार, मग आठ. वर असतील त्यांची बेरीज म्हणजे नंबर. डोळ्याला तो दाणा आता दिसत नाही, पण नखाला दिसतो. काकांनी हात आत घातला, सवयीने, जुन्या पेटीतल्या वस्तूला घालावा तसा. नख फिरवलं. वर, वर, खाली, वर. एक, दोन आणि आठ. अकरा. बरोबर. त्यांनी श्वास सोडला. म्हणजे दोष आपला नाही. या विचाराचा किती आनंद झाला याचीच त्यांना शरम वाटली. आणि मग, हात काढता काढता, अंगठा मॉड्यूलच्या वरच्या कडेला लागला आणि तिथे स्क्रू होते. चार स्क्रू, ओळीत, ज्यांत ती पिळलेली तार शिरते.

स्क्रू खालच्या कडेला असतात.

काकांनी खालची कड चाचपली. गुळगुळीत. परत वर. स्क्रू. शेजारच्या दहाव्यात त्यांनी चार बाजूंनी बोट फिरवलं, स्क्रू खाली. अकराव्यात तार छतावरून उतरली होती. तिला उगाच वळसा नको म्हणून बसवणाऱ्याने मॉड्यूल उलटं बसवलं होतं. त्यात त्याची चूक नाही, कोणीही तसंच बसवेल. आणि डोळे असलेल्या कुठल्याही माणसाला त्यावरचे आकडे डोक्यावर उभे दिसले असते. तो हसला असता आणि खटके त्या हिशेबाने लावले असते. नखाला आकडे दिसत नाहीत. नखाला फक्त वर आणि खाली.

काका मनातल्या मनात ते मॉड्यूल फिरवायला लागले. डावं उजवीकडे गेलं. वरचं खाली. चालू म्हणून वर केलेला प्रत्येक खटका खरं म्हणजे बंद होता. आणि बंद म्हणून खाली ठेवलेला एकच खटका चालू, तो उलट्या बाजूने मोजला तर दुसरा. दोन. बेरीज दोन. अकरा गप्प नव्हताच. सकाळपासून तो दोन म्हणून ओ देत होता. दोनच्या नावाने हाक आली की दोन तोंडं एकदम उत्तर देत होती, म्हणून वर चिमीला तो अडखळल्यासारखा वाटत होता. आता दोनला हुकूम गेला की दोन पंप उठतील. एक तो, ज्याच्याजवळ कोणी नाही. आणि एक हा.

"काका, आठ ते चौदा?" वॉकीटॉकी म्हणाला. "झालं ना?"

काकांचा हात आतच राहिला. चार खटके. नखाने उलटे करायला अर्धं मिनिट. कोणाला कळणार नाही. अकरा आपल्या नावाने ओ देईल, दोन अडखळायचा थांबेल, पक्कड सहा बोल्ट लावून कुरकुरत वर येईल, दुपारी सगळे डबे उघडतील, आणि हे सगळं तसंच चालू राहील, रबर बांधलेल्या बरणीसारखं. नख पहिल्या खटक्याला लागलं सुद्धा. पण मघापासून त्यांच्या कानात दुसरंच काही अडकलं होतं. झालं ना. चिमी "झालं ना" म्हणाली. घड्याळला तिने नुसते नंबर विचारले, आणि त्याने पाहिलं म्हणून सांगितलं. आपल्याला मात्र ती झालं ना म्हणते. काकांनी मागे जाऊन शोधलं. गेल्या आठवड्यात, गेल्या महिन्यात, पावसाळ्यात, जुन्या पंपघराचं काम होतं तेव्हा. केव्हापासून? आपण रोज ठणकावून म्हणत होतो ते वाक्य ऐकायला लागू नये म्हणून तिने ते विचारायचंच सोडलं होतं. ज्या शब्दाने तिच्या बापाचे हात गेले तोच शब्द ती आपल्याला काठीसारखा हातात देत होती. आणि तिला माहीत होतं का, तो शब्द तेव्हा कोणी उच्चारला? माहीत असणार. या घरात कोणाला काय माहीत नसतं?

"काका? झालं म्हणा नुसतं, मी दोनला हुकूम देतेय."

"थांब."

स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. "थांब चिमे. बटणावरून हात काढ. घड्याळ, पक्कड अकराच्या पंपात हात घालून बसलाय, त्याला बाहेर काढ. मोठ्याने सांग. पळ."

पत्र्यापलीकडे घड्याळच्या बुटांचा आवाज पळत गेला, लोखंडी जिना थरथरला. खालून पक्कडची हाक आली, "काय झालं?", आणि मग, जरा वेळाने, जिन्यावरून वर येणारी दोन माणसांची पावलं. काकांनी ती मोजली. बावीस. पावलं त्यांच्या बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली. डोळ्यांच्या कडेला दोन आकृत्या होत्या. त्यांच्याकडे मान वळवली तर त्या जातील, म्हणून त्यांनी मान वळवली नाही.

"काका," चिमी म्हणाली. आवाज बारीक झाला होता, आणि चारचौघांचं भान सुटलं होतं. "काका, तू ठीक आहेस ना? अकरा पाहिलास ना तू?"

बोळाच्या तोंडाशी कोणीतरी पुटपुटलं, "राहू दे मॅडम, मी बघतो." पक्कड. अजूनही पांघरूण ओढत होता, ज्याचे हात आत होते तोच. काकांनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं. दोन्ही हातांत धरून दाबलं, अण्णा कप धरतात तसं.

"नाही पाहिला," ते म्हणाले. "अकरा नाही, दहा नाही, चौदापर्यंतचा एकही नाही. मला दिसत नाही, चिमे. दीड वर्ष झालं. तुम्हां सगळ्यांना माहीत आहे, आणि ते मला आज सकाळी कळलं."

काकांनी बटण सोडलं नाही, कारण सोडलं तर समोरून काहीतरी प्रेमाचं येईल आणि मग उरलेलं राहून जाईल.

"आणि तुझ्या बाबांच्या वेळी दिसत होतं," ते म्हणाले. "स्विच चांगला होता. मीच पाहिलं नव्हतं."